भरलेला फॉर्म सर्व्हरपर्यंत आपोआप पोहोचवायचा तर: जावक, आवक आणि पोच

नागपुरात मार्च संपत आला की कूलरवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षभर झाकून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. कुणाला वुडवूल बदलून हवं असतं, कुणाला वाळ्याच्या ताट्या, कुणाचा पंप अडकलेला असतो. मानेवाडा रोडकडच्या अशाच एका दुकानासाठी मी ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म करून दिला होता. लोक तो भरत, उत्तरं गूगल शीटमध्ये जमा होत आणि तिथून दुकानाच्या सर्व्हरवर आपोआप जात. कारागिरांची रोजची कामं त्या सर्व्हरवरूनच लागत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात एका काकूंचा फोन आला. "भाऊ, मी तर सोमवारीच फॉर्म भरला होता ना, मग माणूस काहून नाही आला?"

शीटमध्ये त्यांचं नाव होतं, सर्व्हरवर नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं, घरात म्हाताऱ्या सासूबाई होत्या, आणि कूलर चार दिवस बंद पडून होता.

शोधल्यावर कारण सापडलं. त्यांनी फॉर्म भरला नेमक्या त्याच मिनिटाला सर्व्हर अपडेटसाठी बंद होता आणि ५०३, म्हणजे 'सध्या सेवा बंद', असं उत्तर देत होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, म्यूट-एचटीटीपी-एक्सेप्शन्स ही सोय चालू होती, म्हणजे सर्व्हरने चुकीचं उत्तर दिलं तरी स्क्रिप्ट अडत नव्हती. पण आलेलं उत्तर वाचायची ओळ मी लिहिलीच नव्हती. गूगलच्या नोंदीत तो प्रयत्न 'पूर्ण झाला' असाच दिसत होता. चूक माझी होती. त्यानंतर अशा प्रत्येक कामाची मांडणी मी बदलली, तीच इथे सविस्तर लिहितो.

माहिती पाठवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. बाकीची सगळी मेहनत 'पोहोचली का?' या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत यासाठी जुनी, भक्कम पद्धत आहे. पाठवणारा जावक नोंदवहीत लिहितो, घेणारा आवक नोंदवहीत लिहितो आणि पोच देतो. पोच आल्याशिवाय जावकमधली नोंद पुरी झाली असं कुणी मानत नाही. आपल्याला हेच उभं करायचं आहे.

आधी वाट ठरवा

फॉर्म तुमच्याच वेबसाइटवर असेल तर तो थेट तुमच्या सर्व्हरला पोस्ट करता येतो, मधे कुणी लागत नाही. पीडीएफ फॉर्मलाही 'पाठवा' बटण लावता येतं. पण ग्राहक तो मोबाईलवर ज्या व्ह्यूअरमध्ये उघडतो त्यात ते बटण बरेचदा चालतच नाही, म्हणून ग्राहकांसाठी ती वाट मी धरत नाही. छोट्या धंद्याला सगळ्यात सोयीचा पडतो गूगल फॉर्म, त्याला जोडलेली शीट आणि त्या शीटमागची अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडून प्रोग्राम लिहायची गूगलची सोय. पुढचं सगळं त्याच वाटेचं आहे. मात्र जावक-आवकची मांडणी तिन्ही वाटांना तशीच लागू पडते.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने मला विचारलं होतं, "आमचं सॉफ्टवेअर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आहे, त्यालाच डेटा पाठवा ना." अ‍ॅप्स स्क्रिप्ट तुमच्या दुकानात चालत नाही, गूगलच्या यंत्रांवर चालते. १९२.१६८ ने सुरू होणारा तुमच्या राउटरमागचा पत्ता तिला दिसूच शकत नाही. टॅलीही बाहेरच्या सॉफ्टवेअरशी बोलू शकतं, त्यासाठी सहसा ९००० क्रमांकाचं पोर्ट असतं. पण ते पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकणं म्हणजे गल्ल्याची किल्ली ओट्यावर ठेवणं, ते करू नका. भाड्याचा एक छोटा सर्व्हर घ्या, फॉर्म तिथे उतरू द्या आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरने दर काही मिनिटांनी तिथून नवीन नोंदी ओढून आणाव्यात. आतून बाहेर जाणाऱ्या विनंतीला राउटर अडवत नाही. शिवाय दुकानातली वीज गेली तरी फॉर्म हरवत नाहीत, सर्व्हरवर थांबून राहतात.

फॉर्ममधले प्रश्न

भाग विचारायचा असेल तर मोकळा रकाना ठेवू नका, यादी द्या. नाहीतर एकच जागा कुणी बर्डी लिहितं, कुणी सीताबर्डी, कुणी सिताबर्डी, आणि कारागिरांच्या यादीत त्या तीन वेगळ्या वस्त्या होऊन बसतात.

पिनकोड तपासताना '४४० ने सुरू व्हायलाच हवा' असा नियम घालायचा मोह होतो. शहरापुरतं ते बरोबर आहे, पण कामठी ४४१००१ आहे, हिंगणा ४४१११०, बुटीबोरी ४४११०८. तिकडचा ग्राहक फॉर्मच्या दारातच अडेल आणि तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून नियम '४४ ने सुरू होणारे सहा अंक' एवढाच ठेवा. आपण तिथे जातो की नाही, हे सर्व्हरवर ठरवा.

मोबाईल नंबर लोक दहा तऱ्हांनी लिहितात. पुढे शून्य, पुढे अधिक एक्क्याण्णव, मधे मोकळी जागा, आणि मराठी कीबोर्ड असेल तर देवनागरी आकडे. माणसाला ९ हा नऊच दिसतो, पण यंत्राच्या लेखी देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ ही दोन निराळी अक्षरं आहेत. फॉर्मवर ग्राहकाला यासाठी अडवू नका. सर्व्हरवर आधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, आकड्यांखेरीज सगळं काढून टाका, शेवटचे दहा अंक घ्या आणि पहिला अंक ६ ते ९ मधला आहे का ते बघा. नंबर साठवताना तो मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नाही.

आणि जे लागत नाही ते विचारू नका. कूलर दुरुस्तीला आधार क्रमांक लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यानुसार माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यायची असते, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यायचा असतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. फॉर्मच्या वरच सरळ मराठीत दोन ओळी लिहा: नंबर आणि पत्ता दुरुस्तीसाठी कारागिराला दिला जाईल, काम झाल्यावर अमुक दिवसांनी काढून टाकला जाईल.

जावक: शीटच्या बाजूचं काम

शीटमध्ये उत्तरांच्या टॅबशेजारी 'जावक' नावाचा नवा टॅब करा. रकाने सात: जावक क्रमांक, उत्तराची ओळ, वेळ, पाठवायचा मजकूर, स्थिती, किती प्रयत्न झाले, सर्व्हरचं शेवटचं उत्तर. मूळ उत्तरांच्या टॅबमधल्या ओळी कधी खोडू नका आणि त्यांचा क्रमही बदलू नका. वेगळ्या क्रमाने बघायचं असेल तर फिल्टर व्ह्यू वापरा.

आता एक्स्टेन्शन्स मेनूतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडा. तिथे एक फंक्शन लिहायचं, त्याचं काम या क्रमाने: आलेली उत्तरं घ्यायची, यूयूआयडी पद्धतीचा एक अनन्य क्रमांक तयार करायचा (हाच जावक क्रमांक), मजकूर जेसनमध्ये, म्हणजे यंत्रांना वाचता येणाऱ्या ठरलेल्या मांडणीत, बांधायचा, जावक टॅबमध्ये 'बाकी' अशी नोंद करायची, आणि मगच सर्व्हरला पाठवायचं. हा क्रम उलटा झाला तर सगळं व्यर्थ आहे. पाठवताना काहीही बिघडलं तरी कागद आधी नोंदवहीत चढलेला हवा.

पाठवण्यासाठी यूआरएल-फेच-अ‍ॅप ही सेवा वापरा. पद्धत पोस्ट, मजकुराचा प्रकार अ‍ॅप्लिकेशन-जेसन, पत्ता एचटीटीपीएसचाच. म्यूट-एचटीटीपी-एक्सेप्शन्स चालू ठेवा, पण उत्तराचा आकडा वाचा. २०० किंवा २०१, म्हणजे 'मिळालं', आला तर 'पोच मिळाली', नाहीतर 'बाकी'. सर्व्हरचा पत्ताच लागला नाही तर ही सेवा तरीही चूक फेकते, म्हणून तो भाग चूक पकडणाऱ्या ट्राय-कॅचमध्ये ठेवा आणि ती चूक शेवटच्या रकान्यात लिहा.

उत्तरं नावाने घेता येतात, म्हणजे 'मोबाईल नंबर' या प्रश्नाचं उत्तर. पण ते नाव म्हणजे प्रश्नाचे तंतोतंत शब्द. दुकानातल्या कुणी चांगल्या हेतूने प्रश्न सुधारून 'मोबाईल क्रमांक' केला, तर त्या क्षणापासून सर्व्हरला नंबर रिकामा जातो. आवश्यक उत्तर रिकामं दिसलं तर स्थितीत 'तपासा' लिहून ई-मेल पाठवणारी ओळ पहिल्या दिवशीच घाला. फॉर्मच्या सेटिंगमध्ये, भरलेलं उत्तर नंतर बदलायची मुभा बंद ठेवा.

मग ट्रिगर, म्हणजे ठरलेल्या घटनेला किंवा वेळेला फंक्शन आपोआप चालवणारी सोय. एडिटरच्या डाव्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आहे, तिथे नवीन ट्रिगर जोडा: स्रोत स्प्रेडशीट, घटना 'ऑन फॉर्म सबमिट'. पहिल्यांदा परवानगी मागितली जाते आणि 'हे अ‍ॅप पडताळलेलं नाही' असा इशारा येतो. स्क्रिप्ट तुमचीच आहे, म्हणून 'अ‍ॅडव्हान्स्ड' वरून पुढे जा. ट्रिगर नेहमी ज्याने लावला त्याच्या खात्यावर चालतो. नोकरीवरच्या मुलाच्या खात्यातून लावला आणि तो सोडून गेल्यावर खातं बंद केलं, की फॉर्म जाणं थांबलं. दुकानाच्या नावाचं खातं करा आणि त्यातूनच लावा.

मर्यादांची चिंता छोट्या धंद्याने करू नये. साध्या खात्यातून दिवसाला २०,००० वेळा बाहेर विनंती पाठवता येते. एक धाव मात्र ६ मिनिटांपेक्षा लांबू देत नाहीत.

सही, म्हणजे फॉर्म आपलाच आहे याची खूण

सर्व्हरचा पत्ता आज ना उद्या कुणाला तरी कळतो. मग खोट्या नोंदी टाकायला काय लागतं? गूगलच्या विनंत्या ठरलेल्या एकाच आयपीवरून येत नाहीत, म्हणून पत्त्यावर पहारा ठेवून भागत नाही. एक लांब गुप्त शब्द ठरवा. तो स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नका, प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये ठेवा. त्या शब्दाने पूर्ण मजकुराची एचमॅक-शा-२५६ सही, म्हणजे मजकूर आणि गुप्त शब्द यांतून निघणारी खूण, काढा आणि हेडरमधून, म्हणजे मजकुराबाहेर विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीतून, पाठवा. सर्व्हर त्याच गुप्त शब्दाने स्वतः सही काढतो आणि जुळली तरच आत घेतो. मजकुरात पाठवल्याची वेळही घाला. ती पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल तर सर्व्हरने नाकारावी, म्हणजे कुणी जुनी विनंती जशीच्या तशी पुन्हा मारू शकत नाही. ही वेळ आणि तिच्यासकट सही दर प्रयत्नाला नव्याने काढायची असते. जावक क्रमांक मात्र तोच राहतो.

इथे मी दोन दिवस घालवले, ते तुमचे वाचावेत. मी चाचणीचे वीस-पंचवीस फॉर्म इंग्रजी नावांनी भरले होते, सगळे बिनबोभाट गेले. सुरू केल्यावर पहिल्याच ग्राहकाने नाव मराठीत लिहिलं आणि सर्व्हरने ४०१ (ओळख पटली नाही) म्हणून परत पाठवलं. दुसराही परत. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे जात होते, मराठीत लिहिणाऱ्यांचे नाही. कारण सही काढणाऱ्या फंक्शनला अक्षरसंच सांगितला नाही तर ते मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांचा धरतं. देवनागरी अक्षरांची ओळखच पुसली जाते आणि सर्व्हरने यूटीएफ-८ हा सगळ्या लिपींचा अक्षरसंच धरून काढलेल्या सहीशी ती जुळत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: मजकूर आणि गुप्त शब्द यांच्यानंतर तिसरा घटक म्हणून यूटीएफ-८ द्या. मराठी माणसांसाठी बनवलेल्या फॉर्मची चाचणी मराठीत न करणं ही माझी चूक होती, ती तुम्ही करू नका.

आणखी दोन गोष्टी. हे फंक्शन सही उणे १२८ ते अधिक १२७ अशा आकड्यांत देतं. हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या आकड्यांत) बदलताना उणे आकड्यांत २५६ मिळवा. आणि सर्व्हरवर सही तपासताना मजकूर जसा आला तसाच घ्या. जेसन उलगडून पुन्हा बांधलात तर एखादी मोकळी जागा इकडची तिकडे होते आणि सही मोडते.

आवक: सर्व्हरच्या बाजूचं काम

पीएचपी, पायथन, नोड, जे हाताला बसलंय ते वापरा, काम तेच आहे. सही तपासा. आलेला मजकूर जसाच्या तसा 'आवक' नावाच्या टेबलात टाका. लगेच २०० उत्तर द्या. बस्स. कारागीर ठरवणं, ग्राहकाला संदेश पाठवणं, बिल काढणं यातलं काहीही या पायरीवर करू नका. ते दुसऱ्या प्रोग्रामने मागाहून आवकमधून उचलून करावं. संदेश पाठवणारी सेवा अडकली म्हणून फॉर्मच नाकारला गेला, असं व्हायला नको.

जावक क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम, लावा, कारण एकच फॉर्म दोनदा येणारच आहे. सर्व्हरने नोंद केली, २०० पाठवलं, पण वाटेत नेट तुटलं. शीटला पोच मिळालीच नाही, ती पुन्हा पाठवेल. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला की सर्व्हरने नवी नोंद करायची नाही, पण उत्तर २०० च द्यायचं. 'आधीच आहे' म्हणून चूक परत पाठवली तर शीट बिचारी पाठवतच राहील. याउलट, एकाच मोबाईलवरून दोन वेगळ्या क्रमांकांचे फॉर्म आले तर ते गाळू नका. घरात दोन कूलर असू शकतात. फक्त खूण करून माणसाला दाखवा.

मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टेबलाचा अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. जुन्या लॅटिन-१ टेबलात मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि एकदा तसं साठलं की मूळ नाव परत मिळत नाही. ग्राहक नावावरून ओळखू नका, मोबाईलवरून ओळखा. 'कऱ्हाडे' मधला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात. डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावं यंत्राला निराळी वाटतात.

वेळ पाठवताना सोबत +०५:३० लिहा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आणि आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भरलेला प्रत्येक फॉर्म तिथे आदल्या तारखेला पडतो. उकाड्याने झोप न लागलेली माणसं रात्री दोनला फॉर्म भरतात, मी नोंदी पाहिल्या आहेत. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवा, म्हणजे ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल हा वाद राहत नाही.

पोच न आलेल्यांचं काय

दुसरा ट्रिगर वेळेवर चालणारा लावा, दर १० मिनिटांनी. तो जावकमधल्या 'बाकी' ओळी पुन्हा पाठवतो. उत्तराच्या आकड्यावरून वागणं ठरवा. ५०० च्या घरातलं उत्तर (सर्व्हरची अडचण), ४२९ (फार विनंत्या) किंवा नेटच नाही, तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा: १० मिनिटं, मग २०, मग ४०, असं अंतर वाढवत. ४००, ४०१, ४०४ किंवा ४२२ आलं, म्हणजे विनंतीतच चूक असली, तर शंभर वेळा पाठवूनही तेच उत्तर येणार. तिथे थांबा आणि माणसाला कळवा. आठ प्रयत्नांनंतरही पोच नसेल तर ई-मेल जायलाच हवा, त्यात ग्राहकाचं नाव आणि नंबर असू द्या, म्हणजे दुकानदार निदान फोन तरी करेल.

हाच ट्रिगर एक आणखी तपासणी करतो: उत्तरांच्या टॅबमध्ये आहे पण जावकमध्ये नाही, अशी ओळ आहे का? फॉर्म भरल्यावर चालणारा ट्रिगर क्वचित चुकतो, मी ते पाहिलं आहे. अशी ओळ सापडली की तिथेच जावकमध्ये चढवा. दोन्ही ट्रिगर एकाच वेळी एकाच ओळीवर हात घालू नयेत म्हणून लॉक-सर्व्हिस वापरा.

सुरू करण्याआधी

सर्व्हर मुद्दाम बंद करून तीन फॉर्म भरा, मग चालू करा. अर्ध्या तासात तिन्ही पोहोचले पाहिजेत. एकच नोंद हाताने दोनदा पाठवा, आवकमध्ये एकच दिसली पाहिजे. नाव मराठीत, नंबर देवनागरी आकड्यांत आणि पत्त्यात एखादी इमोजी घालून बघा. गुप्त शब्द बदलून पाठवा, ४०१ आलं पाहिजे. घरच्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्याच फोनवर फॉर्म भरायला द्या आणि शेजारी बसून काही न सांगता बघा.

ग्राहकालाही पोच द्या. फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या 'उत्तर नोंदवलं' या वाक्याला पोच समजू नका, ते फक्त शीटपुरतं आहे. आवकमध्ये नोंद झाल्यावर जाणारा, आवक क्रमांक असलेला संदेश ही खरी पोच. एसएमएस पाठवायचा असेल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि संदेशाचा साचा डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर आधी नोंदवावा लागतो. त्याला दिवस लागतात, म्हणून ते काम मार्चमध्ये नाही, जानेवारीत करा.

आणि रोज रात्री ९ वाजता हिशेबाचा मेळ. तीन आकड्यांचा एक ई-मेल: आज उत्तरं किती, जावकमध्ये पोच मिळालेल्या किती, आवकमध्ये किती. मानेवाडा रोडच्या दुकानात मालक सकाळी शटर उघडलं की पहिला हाच मेल बघतात. तीनही आकडे सारखे असले तर कारागिरांना कामं वाटून देतात. एकाचाही फरक असला तर आधी त्या एका ग्राहकाला फोन लावतात, मग पाण्याचा माठ भरतात.